जुना डेस्कटॉप अपग्रेड करायचाय? आधी बोर्डाला विचारा, मग बाजारात जा

साताऱ्यात माझ्या काकांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथला डेस्कटॉप २०१४ साली असेंबल करून घेतलेला. २०२५ च्या दिवाळीत गेलो तेव्हा काका म्हणाले, अरे हा सीपीयू आता बदलूनच टाकतो, सकाळी बटण दाबून पूजा उरकतो, चहा होतो, तरी हा अजून गोल गोल फिरतच असतो आणि बाहेर अर्ज टाईप करायला माणसं उभी. नवीन मशीनचं कोटेशनही आणून ठेवलेलं. मी म्हटलं काका दोन दिवस द्या मला, आधी बघूया त्याला नेमकं काय होतंय.

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण "सीपीयू स्लो झालाय" म्हटलं की सगळं एकदम म्हातारं झालं असं वाटतं. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, दोन बोटात मावेल एवढी चिप. डबा म्हणजे कॅबिनेट. आत मदरबोर्ड, त्यावर प्रोसेसर आणि रॅमच्या स्टिक, बाजूला हार्ड डिस्क, मागच्या कोपऱ्यात सगळ्यांना वीज देणारा एसएमपीएस, आणि कुणी बसवलं असेल तर ग्राफिक्स कार्ड. हे सगळे एकाच वेळी निकामी होत नाहीत. बहुतेक वेळा एकच जण मागे पडलेला असतो आणि बाकीचे त्याची वाट बघत बसलेले असतात.

तो कोण ते शोधायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि मशीन अडखळतंय अगदी त्याच वेळी आकडे बघा, रिकामं बसलेलं असताना बघून काही कळत नाही. काकांच्या मशीनवर ब्राउझर, टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि एक पीडीएफ एवढंच उघडलं तर सीपीयू तीस-पस्तीस टक्के, मेमरी नव्वदच्या वर, आणि डिस्क सरळ शंभर टक्के. म्हणजे प्रोसेसर मोकळा बसलाय, दम डिस्कचा आणि रॅमचा लागलाय.

या दोघांचं नातं नीट समजून घ्या कारण इथेच लोक चुकीची वस्तू घेऊन येतात. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. लागणारं सामान ओट्यावर काढून ठेवलं की हात पटापट चालतो. ओटा छोटा असेल तर नवीन काही ठेवायला आधीचं काहीतरी माळ्यावर ठेवून यावं लागतं आणि थोड्या वेळाने तेच परत उतरवावं लागतं. विंडोज हेच करते, रॅम भरली की न लागणारा माल डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये टाकते आणि लागला की परत ओढते. त्यामुळे डिस्क शंभर टक्के दिसते तेव्हा दोष दरवेळी एकट्या डिस्कचा नसतो, रॅम कमी असल्यामुळेही तिची पळापळ वाढलेली असते. काकांकडे ४ जीबी रॅम होती. विंडोज १० वर ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की तेवढी संपतेच.

आणि माळासुद्धा साधा नाही, फिरता माळा आहे. डेस्कटॉपची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, त्याआधी सुई योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद, असे मिळून एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद गेले. ऐकायला काहीच नाही, पण हिशोब केला तर सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचनं होतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फायली इकडून तिकडून गोळा करते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर, एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. दुकानात एसएसडी दाखवताना ५५० एमबी प्रति सेकंद असा आकडा सांगतात, तो मोठी फाईल एका दमात वाचण्याचा आहे, आपल्या रोजच्या कामात जो फरक जाणवतो तो या थांबण्याच्या वेळेचा असतो.

म्हणूनच जुन्या बोर्डवरही एसएसडी टाकायला बिचकू नका. काकांचा बोर्ड एच८१ चिपसेटचा, त्यावर चार साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची वायर लावायच्या जागा, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. एसएसडी ६ वाल्या पोर्टला लावायची, बोर्डवर पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याहून जुना बोर्ड असला आणि सगळेच पोर्ट ३ चे असले तरी लावा, मोठी फाईल कॉपी व्हायला जास्त वेळ लागेल पण मशीन सुरू होणं, प्रोग्राम उघडणं यातला फायदा जवळपास तेवढाच मिळतो. फक्त २.५ इंची साटा एसएसडीच घ्या. हल्ली च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या एनव्हीएमई एसएसडी मिळतात, वेग कितीतरी जास्त, पण तिला एम.२ स्लॉट लागतो आणि त्या काळच्या स्वस्त बोर्डांवर तो नसतो. वेगळं अडॅप्टर कार्ड लावून बसवता येते, मात्र अशा बऱ्याच बोर्डांचं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा बोर्डवरचा छोटा प्रोग्राम, तिच्यावरून विंडोज सुरूच करू शकत नाही.

आता काकांची खरी भीती. नवीन डिस्क म्हणजे सगळं फॉरमॅट, मग टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग, अकरा वर्षांचे अर्जांचे नमुने हे सगळं पुन्हा कोण बसवणार? ज्याने बसवलं तो मुलगा आता पुण्याला नोकरीला. ही भीती अगदी रास्त आहे, दुकान चालवणाऱ्या माणसाचं पोट त्या नमुन्यांवर असतं, आणि कुणी "करा हो फॉरमॅट, काय होतंय" असं म्हणालं की मला राग येतो. उपाय आहे क्लोनिंग. जुनी डिस्क जशीच्या तशी, विंडोजसकट, नवीन एसएसडीवर उतरवायची. क्लोनझिला हे फुकट आहे, पेनड्राईव्हवरून चालतं, दिसायला रुक्ष आहे पण काम चोख करतं. काही कंपन्या एसएसडीसोबत स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर देतात, ते नवख्याला सोपं जातं.

त्यात तीन गोष्टी मात्र सांभाळा. क्लोन करायच्या आधी कामाच्या फायलींची वेगळी कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर घ्या, कारण क्लोन करताना कुठून कुठे हे उलटं निवडलं गेलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं जातं, तिथे दोनदा नाही चारदा वाचा. दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा, कॉशन असं पिवळं दिसलं तर आधी कॉपी, मग बाकीचं सगळं. आणि तिसरं म्हणजे बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी आयडीई असेल तर एसएसडीसाठी एएचसीआय जास्त चांगला, पण चालू विंडोजवर तो नुसता बदलला की निळा स्क्रीन येतो, सेफ मोडमधून जाऊन बदलावा लागतो. काकांच्या मशीनवर एएचसीआयच होता म्हणून सुटलो. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये भरलेला माल १४० जीबी, त्यामुळे २४० जीबीची एसएसडी पुरली, जुनी डिस्क दुसऱ्या पोर्टवर बॅकअपसाठी ठेवली.

रॅमकडे वळू. इथे मी स्वतः एकदा फसलोय, घाईत डीडीआर३ पिढीच्या बोर्डसाठी पुढच्या डीडीआर४ पिढीची स्टिक उचलून आणली आणि दुकानदाराने परत घेतली नाही. डीडीआर३ च्या स्टिकला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, मधली खाच वेगळ्या जागी, व्होल्टेजही वेगळं, डीडीआर३ चं १.५ आणि डीडीआर४ चं १.२. खाच मुद्दामच वेगळी ठेवलेली असते की चुकून बसू नये, तेव्हा बसत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर५ लाही पिना २८८ च पण खाच पुन्हा वेगळी. कुठल्या पिढीची रॅम चालणार हे बोर्ड आणि प्रोसेसर मिळून ठरवतात, आपल्या खिशावर ते अवलंबून नाही.

सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बोर्डचं मॉडेल, प्रोसेसरचं सॉकेट (बोर्डवर तो बसतो ती जागा), कुठल्या स्लॉटमध्ये कुठली रॅम हे सगळं दिसतं, त्याचे फोटो मोबाईलमध्ये काढून मगच मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जा, निम्मी चूक तिथेच टळते. बोर्डचं मॉडेल कळलं की कंपनीच्या साईटवर त्याचं पान उघडून किती रॅम आणि कुठले प्रोसेसर चालतात ती यादी वाचा. एच८१ ला दोन स्लॉट, एकूण १६ जीबी, म्हणजे एका स्लॉटला जास्तीत जास्त ८. डीडीआर३ च्या काही ८ जीबीच्या खूप स्वस्त स्टिक ऑनलाईन दिसतात, त्यांच्या वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात फक्त एएमडीसाठी असं असतं, इंटेलच्या बोर्डवर त्या चालत नाहीत. आम्ही ४ ची आणखी एक स्टिक घातली, एकूण ८ झाली आणि दोन स्टिक झाल्यामुळे ड्युअल चॅनल पण मिळालं, म्हणजे एकाच रस्त्याऐवजी दोन रस्त्यांनी ये-जा.

आणखी एक, विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते सेटिंगमध्ये बघून घ्या. माझ्या मित्राने ८ जीबी रॅम घातली आणि वापरायला साडेतीनच्याही खालीच दिसली, त्याला वाटलं स्टिक खराब, पण त्याची विंडोज ३२ बिट होती आणि तिला ४ जीबीच्या पलीकडे हात पोचत नाही. तिथे मात्र क्लोनिंगने भागत नाही, ६४ बिट विंडोज नव्याने टाकावीच लागते. आणि रॅम घातल्यावर डिस्प्ले आला नाही, नुसते बीप वाजले, तर घाबरू नका, स्टिक काढून तिच्या सोनेरी पट्टीवर पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, पुसा आणि दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत बसवा. हे अर्थातच वायर काढून आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

प्रोसेसर बदलायचा विचार सगळ्यात शेवटी करा, आणि टास्क मॅनेजरमध्ये तो सतत शंभरला टेकत असेल तरच. काकांचा आय३-४१३०, दोन कोअर म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे दोघं, सॉकेट एलजीए ११५०. त्या सॉकेटमध्ये सेकंड हँड आय७-४७७० बसतो, चार कोअर आठ थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामं हाताळतो. पण त्याचाच धाकटा भाऊ आय७-४७९० वर्षभराने आला, त्याला २०१३ च्या बऱ्याच बोर्डांवर आधी बायोस अपडेट लागतं. म्हणजे सॉकेट जुळलं म्हणून सगळं जुळलं असं नाही. याचं सगळ्यात त्रासदायक उदाहरण एलजीए ११५१. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर आणि आठव्या-नवव्या पिढीचे, दोघांनाही तेच सॉकेट, नाव तेच, बसतातही, पण एकमेकांच्या बोर्डवर चालत नाहीत, कारण आतल्या काही पिनांचं काम बदललेलं आहे. नुसतं सॉकेटचं नाव वाचून सेकंड हँड प्रोसेसर घेतलेल्यांचे पैसे असेच गेलेत.

एएमडीच्या एएम४ वाल्यांचं नशीब यात फार चांगलं. २०१७ ला रायझन ३ १२०० बरोबर घेतलेल्या साध्या बी३५० बोर्डवर आज रायझन ५ ५६०० चालू शकतो, चार कोअरचे सहा कोअर आणि बारा थ्रेड, बोर्ड तोच, रॅम तीच. ही सोय जुन्या ३०० सिरीजच्या बोर्डांना २०२२ मध्ये बायोस अपडेटमधून मिळाली. क्रम मात्र चुकवायचा नाही, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचं, कारण नवीन बसवल्यावर जुनं बायोस त्याला ओळखणारच नाही आणि स्क्रीन काळाच राहील. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय हात लावू नका, आपल्याकडच्या लाईटचा भरवसा धरू नका. शिवाय एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही हेही लक्षात असू द्या, कार्ड नसेल तर ५६००जी घ्यावा लागतो. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ असला की तोच अर्थ.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात सांगतो, कारण टायपिंग आणि हिशोबाला ते लागतच नाही. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट वीज मिळते, त्यावर हवी असेल तर एसएमपीएसकडून सहा पिनची वायर आणखी ७५ आणि आठ पिनची १५० देते. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल नुसत्या स्लॉटवर चालतात म्हणून जुन्या मशीनला सोयीची. आरएक्स ६५०० एक्सटी नवीन असूनही जुन्या बोर्डवर मार खाते, कारण तिला बोर्डशी बोलायच्या चारच लेन आहेत आणि बोर्ड जुना म्हणजे प्रत्येक लेनही हळू. मॉनिटर जुना निळ्या पिनचा व्हीजीए असेल तर आजच्या कार्डांवर ते पोर्ट नसतं, साधी वायर जोडून भागत नाही, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

एसएमपीएसवर मात्र मी हात आखडू देणार नाही. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपियर आहेत ते वाचा, प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. अँपियर गुणिले १२ केलं की खरे वॅट कळतात, आणि ते बऱ्याचदा छापलेल्या आकड्याच्या निम्मेही भरत नाहीत. वर्षांपूर्वी माझा असाच एक एसएमपीएस उडाला आणि जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला, त्या डिस्कवर आजोबांचे फोटो होते. तेव्हापासून प्रोसेसर सेकंड हँड घेतो, रॅमही घेतो, एसएमपीएस आणि हार्ड डिस्क कधीच नाही.

आता विंडोजचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या दिवाळीच्या आठवडाभर आधीच. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही बायोसमधली सुरक्षेची सोय लागते, चौथ्या पिढीचा आय३ त्यात बसत नाही आणि कितीही एसएसडी-रॅम घातली तरी बसणार नाही. मायक्रोसॉफ्टने नोंदणी करणाऱ्या साध्या ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट दिलेत, तेवढाच श्वास. फक्त ब्राउझर आणि युनिकोडमध्ये टायपिंग असेल तर लिनक्स मिंट अशा मशीनवर छान चालतं, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, पण जुन्या फॉन्टांचं विंडोजवालं सॉफ्टवेअर तिथे सरळ चालणार नाही. काकांचं काम त्याच सॉफ्टवेअरवर, त्यामुळे तो रस्ता आम्हाला बंद.

मग जुन्या मशीनवर किती खर्च करावा? मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावतो, पुढच्या मशीनमध्ये ही सोबत येणार का? साटा एसएसडी येते, आजच्या बोर्डांवरही साटा पोर्ट आहेत. चांगला एसएमपीएस येतो, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड येतात. डीडीआर३ रॅम आणि ११५० चा प्रोसेसर येत नाहीत, ते त्या बोर्डबरोबरच जाणार. म्हणून येणाऱ्या वस्तू नव्या, चांगल्या, बिल आणि वॉरंटीसकट घ्यायच्या, न येणाऱ्या जुन्या बाजारातून, गरजेपुरत्याच. आम्ही आय७ घेतलाच नाही. त्या पैशात आणखी भर घातली की आय३-१२१०० आणि एच६१० बोर्डाकडे जाता येतं, तोही चारच कोअरचा, तरी त्या आय७ ला मागे टाकतो आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालवतो. एच६१० डीडीआर४ चा आणि डीडीआर५ चा असा दोन्ही प्रकारात येतो, डब्यावर वाचून घ्या. असं नव्या पिढीवर जाताना प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तिघं बहुतेक वेळा एकत्रच बदलतात असं धरा. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटासेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे घरात कुणाची डीडीआर४ ची स्टिक पडून असेल तर भंगारात घालू नका.

काकांच्या मशीनमध्ये शेवटी एसएसडी, ४ जीबीची एक जुनी स्टिक, नवीन एसएमपीएस, थर्मल पेस्ट आणि बोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल एवढंच बदललं, सेल संपल्यामुळे रोज सकाळी तारीख चुकत होती आणि त्यामुळे ब्राउझर वेबसाईट असुरक्षित आहे म्हणून ओरडायचा, काका त्याला व्हायरस समजत होते. धूळ काढताना ब्लोअर लावला तेव्हा पंख्यांना बोटाने धरून ठेवलं, जोरात फिरले की त्यांचं बेअरिंग जातं. आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात टायपिंगची खिडकी उघडते. नवीन मशीनचं कोटेशन काकांनी ड्रॉवरमध्ये ठेवलंय, ऑक्टोबर २०२६ च्या आधी बोर्ड-प्रोसेसर-रॅमचा सेट घ्यायचं ठरलंय, एसएसडी आणि एसएमपीएस हेच त्यात जातील.